‘अर्ज करा’ हे बटण माझं नव्हतं

२०२४च्या जुलै महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे मराठवाड्यातल्या एका गावातल्या बाई होत्या. त्यांच्या भाच्याने माझ्या वेबसाइटवरून माझा नंबर शोधून दिला होता.

“दादा, तुमच्या तिथं फारम भरला. पैसे बी कट झाले. आता हप्ता कधी पडंल?”

मी म्हटलं, “ताई, माझ्या साइटवर फॉर्म नाही. तिथे फक्त माहिती आहे.”

“हाय की. हिरवं बटण हाय. अर्ज करा म्हणून.”

भाच्याने स्क्रीनशॉट पाठवला. वर माझा मथळा होता: लाडकी बहीण योजनेसाठी कोणती कागदपत्रं लागतात. खाली मी लिहिलेले दोन परिच्छेद. त्यांच्या खाली हिरवं बटण, आणि त्याच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत ‘जाहिरात’ हा शब्द. बटण दाबल्यावर दुसरंच पान उघडत होतं. तिथे नाव, आधार नंबर, मोबाइल नंबर आणि ‘प्रोसेसिंग फी’चे १,१९९ रुपये मागत होते. खऱ्या योजनेच्या अर्जाला एक रुपयाही लागत नव्हता, हे मीच त्या बटणाच्या खाली, चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं. ताई तिथपर्यंत पोचल्याच नाहीत. कशाला पोचतील? बटण तर आधीच आलं होतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. पैसे परत आले नाहीत. मग मी माझ्या खात्यातून त्यांना पाठवले. त्या घेईनात. म्हणाल्या, “तुम्ही थोडेच घेतले?”

पण मी घेतले होते. त्या दिवशीच्या माझ्या कमाईत त्यांचा तो एक क्लिकही होता.

आणखी एक वाक्य त्या बोलल्या, ते अजून डोक्यातून जात नाही. “शासनाच्या साइटवर काय कळत न्हाई. तुम्ही सोप्पं लिवता, म्हणून भरवसा ठिवला.”

स्वतःची वेबसाइट काढा, लिहीत राहा, जाहिराती लावा, झोपेतही पैसे येत राहतील, असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मीही पाहिले होते आणि त्याप्रमाणे वागलोही. चार वर्षं वागल्यावर माझं मत असं झालं आहे: एकट्यादुकट्या माणसाने आपल्या वैयक्तिक साइटवर आपोआप येणाऱ्या जाहिराती लावू नयेत. त्यातून पैसे कमी मिळतात, हे त्याचं दुय्यम कारण आहे. मुख्य कारण असं की तिथे विकली जाते ती जागा नसतेच. वाचकाने तुमच्या शब्दावर ठेवलेला भरवसा विकला जातो, आणि कोणाला विकला हे तुम्हालाही कळत नाही.

विहिरींपासून उखाण्यांपर्यंत

मी साताऱ्याकडचा. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, सध्या पुण्यात नोकरी करतो. २०१९मध्ये, शेवटच्या वर्षाला असताना, साइट सुरू केली ती जुन्या विहिरी आणि बारवांसाठी. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. एका वेळी बारा मोटा चालतील अशी तिची रचना आहे. आजोबांनी आयुष्यभर मोट हाकलेली, त्यामुळे त्या विहिरीत उतरून ते जे सांगायचे ते कोणत्याही पुस्तकात मिळालं नसतं. तेच लिहून काढायला सुरुवात केली. मग परभणीकडच्या वालूर, चारठाण्याच्या बारवा पाहून आलो. महिन्याला एखादा लेख व्हायचा. वाचणारे दिवसाला तीस-चाळीस. त्यातले काही पत्र लिहावं तसे लांबलचक मेल पाठवायचे. मजा होती.

लॉकडाउनमध्ये घरी बसून जाहिराती लावल्या. कमाई दहा डॉलरवर गेली की पत्ता पडताळायला गूगलचा पिन पोस्टाने घरी येतो. ते पाकीट पोस्टमनकाकांनी आणून दिलं तेव्हा बाबांनी ते शेजाऱ्यांना दाखवलं. “गूगलचं पत्र आलंय पोराला.” ते पाकीट अजून कपाटात आहे.

पैसे मात्र येईनात. शंभर डॉलर साठल्याशिवाय रक्कम खात्यात येत नाही, आणि विहिरींवर शंभर डॉलर साठायला मला सव्वीस महिने लागले. दरम्यान मी शिकलो की कोणता शब्द महिन्याला किती लोक शोधतात, ते दाखवणारी साधनं असतात. ‘बारव’ फार कोणी शोधत नव्हतं. ‘उखाणे’ मात्र अमाप लोक शोधत होते. एका रविवारी बसून शंभर उखाणे लिहिले. म्हणजे खरं तर इकडून तिकडून गोळा केले, थोडे फिरवले. त्या एका पानाने महिन्याभरात विहिरींच्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त कमावलं.

मग वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. मग सातबारा ऑनलाइन कसा काढावा. मग दहावीचा निकाल. मग योजना. २०२४च्या उन्हाळ्यात लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि माझ्या साइटवर झुंबड उडाली. त्या सुमारास जास्त दर देतो म्हणणारं आणखी एक जाहिरात नेटवर्क मी जोडलं होतं. ते कोणाचं आहे, त्यावर कोण जाहिराती देतं, हे तपासलं नाही. एका महिन्यात नऊ हजार रुपये मिळाले. मला त्या पैशांची गरज नव्हती, नोकरीचा पगार येत होता. तो निव्वळ हव्यास होता, आणि आकडा वाढताना बघण्याची चटक होती.

त्या वर्षी मी विहिरीवर एकही लेख लिहिला नाही. आजोबा २०२३मध्ये गेले. मोटेची सोंदूर कशाची करायचे, नाडा कुठून आणायचे, हे त्यांना विचारून लिहायचं राहून गेलं. ज्या रविवारी ते विचारायला हवं होतं, त्या रविवारी मी उखाणे फिरवत बसलो होतो.

‘मराठीत वाचण्यासारखं काही नाही’ अशी तक्रार आपण करतो. मराठीत काहीही शोधा, पहिल्या पानावर शुभेच्छा, उखाणे, योजना आणि ‘मराठी माहिती’ नावाचा तोच तो भात. मराठी माणसाला दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून हे घडलेलं नाही. गूगलच्या जाहिरात यंत्रणेत २०१४मध्ये हिंदी आली, २०१८मध्ये मराठी आली. आपण त्याला भाषेचा सन्मान समजलो. पण ही यंत्रणा लेखाला पैसे देत नाही, वर्दळीला देते. मग वर्दळ जिथे आहे तिथेच सगळे लिहिणार, आणि एकमेकांचं बघून लिहिणार. मीही त्यातलाच एक होतो.

लिलाव

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण हे बाहेरून दिसत नाही.

तुम्ही माझं पान उघडता. जाहिरात दिसायच्या आधी तुमच्याबद्दलची एक चिठ्ठी बाहेर जाते. फोन कोणता, साधारण कोणत्या भागातून बघताय, कोणतं पान वाचताय आणि अनेकदा तुमचा ब्राउझर किंवा फोन ओळखणारा एक क्रमांक. ही चिठ्ठी एकाच वेळी अनेक कंपन्यांकडे जाते आणि त्या तुमच्यावर बोली लावतात. हा सगळा प्रकार साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतो. जो जिंकतो त्याची जाहिरात दिसते. जे हरतात त्यांनीही चिठ्ठी वाचलेली असतेच. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव होतो तसाच हा लिलाव, फक्त इथे कांदा तुम्ही असता आणि शेतकऱ्याच्या जागी माझ्यासारखा साइटवाला.

यात साइटवाल्याला वाटतं, माझ्या लेखाला भाव मिळाला. मिळतो तो वाचकाला. अमेरिकेतून एखाद्या मराठी माणसाने तोच लेख उघडला की बोली वाढते. खेड्यातून सात हजारांच्या फोनवर उघडला की पडते. लेख तोच असतो. म्हणजे मला जे मिळतं ते मानधन नाहीच, वाचक आणून दिल्याची दलाली आहे.

पुढचा प्रश्न विचारा. दीड हजार रुपयांच्या हप्त्याची वाट बघणाऱ्या बाईवर बोली कोण लावेल? चांगला गालिचा विकणारा लावणार नाही. तिच्या गरजेतूनच ज्याला पैसे काढता येतात, तो लावेल. झटपट कर्ज देणारी ॲप्स, बनावट अर्ज, ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’वाले. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतातल्या अँड्रॉइड फोनधारकांसाठी उपलब्ध असलेली सुमारे १,१०० कर्जाची ॲप्स आढळली होती. त्यांतली ६०० बेकायदा होती. अशांना गिऱ्हाईक कुठून मिळतं? भरवशाच्या पानावरून. गुगली टाकणाऱ्याला आधी खेळपट्टी लागते, ती आम्ही पुरवतो.

‘नको त्या जाहिराती बंद करायची सोय असते की,’ असं कोणी म्हणेल. असते. मी अख्खा प्रकारच्या प्रकार बंद केला होता. दुसऱ्या दिवशी तोच माल नवीन नावाच्या पत्त्यावरून आला. शिवाय जाहिरात पानावर कुठे बसवायची हेही मी यंत्रावर सोपवलं होतं, कारण त्याने कमाई वाढते असं सांगितलं गेलं होतं. यंत्राने ती ‘अर्ज कसा करावा’ या उपमथळ्याच्या बरोबर खाली बसवली. यंत्राचं काय चुकलं? तिथेच सगळ्यात जास्त बोटं पडतात.

हे पुढे येणार, हे ज्यांनी इंटरनेट बांधलं त्यांना माहीत नव्हतं असं नाही. वेबवरची पहिली गाजलेली बॅनर जाहिरात ऑक्टोबर १९९४ची. पॉप-अप खिडकीचा कोड लिहिणाऱ्या ईथन झुकरमन यांनी २०१४मध्ये लेख लिहून जाहीर माफी मागितली आणि जाहिरातीवर पोसलेलं वेब हेच मूळ पाप होतं अशी मांडणी केली. आणि १९९८मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शोधयंत्राबद्दलच्या शोधनिबंधात लिहिलं होतं की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून लांब जाणार. त्याच दोघांनी त्याच वर्षी गूगल काढली. २०२३मध्ये तिच्या मूळ कंपनीच्या ३०७ अब्ज डॉलरच्या महसुलातले सुमारे २३८ अब्ज जाहिरातींतून आले. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने निकाल दिला की साइटवाल्यांसाठीचं जाहिरात-सॉफ्टवेअर आणि जाहिरातींचा लिलावबाजार या दोन्हींत गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली. म्हणजे बाजार चालवणारा तोच, तराजूही त्याचाच. आपण त्या बाजारात पाटी घेऊन बसलेले.

तीन आक्षेप

हे मी मित्रांशी बोललो तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही नीट घ्यायला हवेत.

पहिला: जाहिराती नसतील तर साइट चालणार कशी? उत्तर हिशोबाचं आहे. माझ्या साइटला वर्षाला डोमेनचे हजारेक रुपये लागतात. मजकूर आणि फोटोंची साधी पानं ठेवायला आज फुकट जागा मिळते. महिन्याला शंभर रुपयेसुद्धा नाहीत, एका मिसळीचे पैसे. जाहिराती काढल्यावर माझं विहिरीवरचं एक पान मोजून पाहिलं. आधी ते दोन एमबीच्या वर होतं, नंतर फोटोसकट तीनशे केबी झालं. म्हणजे ‘फुकट’ वाचणारा वाचक आपल्या डेटा पॅकमधून माझ्या जाहिरातदारांचा माल स्वतःच्या खर्चाने उतरवून घेत होता.

दुसरा: वर्तमानपत्रं आणि दिवाळी अंकही जाहिरातींवरच चालतात ना? चालतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे. दिवाळी अंकात सहकारी बँकेची शुभेच्छा असते, सराफी पेढीची असते. ती संपादकाने स्वतः घेतलेली असते, बँकेचा माणूस त्याला माहीत असतो, आणि अंक घेणाऱ्या प्रत्येकाला तीच जाहिरात दिसते. गावच्या पाणपोईवर कोणाच्या तरी स्मरणार्थ पाटी असते तशी. पाणी पिणाऱ्याचं नाव ती पाटी विचारत नाही आणि त्याच्या मागे घरापर्यंत येत नाही. तुमच्या साइटवर गावातल्या पुस्तकांच्या दुकानाचं चित्र तुम्ही स्वतः, ओळखीतून, ठरावीक पैसे घेऊन लावलंत तर माझी तक्रार नाही. त्या जाहिरातीचं उत्तर तुम्हाला देता येईल. माझा विरोध आहे तो न बघता सही केलेल्या कोऱ्या चेकला.

तिसरा आक्षेप खरा बोचतो: ‘तुला नोकरी आहे म्हणून तुझं ठीक आहे. तालुक्याला बसून ज्याचं घर या पैशांवर चालतं, त्याने काय करायचं?’

अशा एकाला मी ओळखतो. बी.एस्सी. झालेला, भरत्या निघायची वाट बघून थकलेला, योजनांची पानं लिहून घर चालवतो. त्याला मी नाक वर करून काही सांगणार नाही. एवढंच म्हणेन की हा धंदा त्याच्या हातातूनही निसटतो आहे. २०२४पासून भारतातही शोधाच्या निकालांच्या वर यंत्राने लिहिलेला सारांश येऊ लागला. लोक तोच वाचतात आणि निघून जातात. तो सारांश ज्या पानांवरून बनला, तिथे क्लिक होत नाही, म्हणून पैसे नाहीत. ज्याने वर्षानुवर्षं यंत्राला आवडेल असंच लिहिलं, त्याच्या जागी यंत्र बसवणं सगळ्यात सोपं असतं. उखाण्यांचं माझं पान कोणतंही यंत्र लिहील. लिंबच्या विहिरीच्या पायरीवर बसून आजोबा काय म्हणाले, ते नाही लिहू शकणार. उद्या वाचक कोणाकडे मुद्दाम येईल, याचा विचार त्यानेही करावा आणि आपणही. पोट भरण्यासाठी लिहिणाऱ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण माझ्यासारख्यांशी आहे, ज्यांचं पोट भरलेलं आहे आणि तरीही ज्यांनी कोड चिकटवला आहे.

मग काय केलं

त्या फोननंतर महिन्याभरात मी सगळ्या जाहिराती काढल्या. योजनांची पानं ठेवली, कारण ती खरंच लोकांच्या उपयोगाची होती. पण प्रत्येक पानाच्या सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, अर्ज फुकट आहे आणि तो शासनाच्या अधिकृत ठिकाणीच भरा, हे लिहिलं. उखाण्यांचं पान उडवलं. त्याला कोणी रडलं नाही.

विहिरींच्या लेखांखाली एक यूपीआयचा क्यूआर लावला. वर एक ओळ: आवडलं तर काहीही द्या, नाही दिलंत तरी वाचत राहा. पहिल्या वर्षात एकतीस जणांनी मिळून ४,६०० रुपये दिले. हा विजयाचा आकडा नाही. योजनांच्या एका महिन्याच्या निम्माच आहे. पण विहिरींवर जाहिरातींतून वर्षाला जेवढं मिळायचं त्याहून तो जास्त आहे, आणि त्यातला प्रत्येक रुपया वाचून दिलेला आहे. कोणीतरी अकरा रुपये पाठवले आणि शेऱ्यात लिहिलं, ‘आमच्या गावातही बारव आहे, या.’ मी गेलो. पुढचा लेख त्या बारवेवर झाला. जाहिरातीच्या कोणत्याही रिपोर्टने मला कधी कोणत्या गावाला बोलावलं नव्हतं.

आपल्याकडे दहा रुपये थेट पाठवायची सोय २०१६पासून हातात आहे. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला आपण ते सहज देतो. लिहिणाऱ्याला द्यायची आणि लिहिणाऱ्याने मागायची मात्र दोघांनाही लाज वाटते. आपल्या वाचकाला लिलावात उभं करायची लाज वाटत नाही. ही उलटी लाज आधी सोडायला हवी.

आणि एक कबुली. माझ्या लॅपटॉपवर आणि फोनवर कॉलेजपासून ॲड ब्लॉकर आहे. माझ्या ऑफिसमधल्या जवळजवळ प्रत्येकाकडे आहे. म्हणजे त्या चार वर्षांत मी माझी स्वतःची साइट जाहिरातींसकट कधी पाहिलीच नव्हती. भाच्याने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तुमची साइट असेल आणि तिच्यावर जाहिराती असतील, तर माझं ऐकू नका. आज घरी गेल्यावर आईचा फोन घ्या. त्यावर तुमचं पान उघडा आणि फोन तिच्या हातात द्या. तिला म्हणा, “हे मी लिहिलंय, वाच.” मग तिचं बोट कुठे जातं, तेवढं बघा.